बाबांना सांगायचं विमानातलं जेवण

त्या तीन महिन्यांत मी दर शुक्रवारी दुपारी नागपूरला जायची आणि रविवारी घाटकोपरला परत यायची. बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन ते तिथल्या हॉस्पिटलात होते. बोलता येत नव्हतं, गिळताही येत नव्हतं. नाकातल्या नळीतून दूध आणि डाळीचं पाणी पोटात जायचं. भाऊ आणि वहिनी तिथे होते, तरी अंधेरीच्या ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. विमानात तर त्याहून वाईट. पट्टा बांधला की वाटायचं, आत्ता तिकडे काही झालं तर मला कळणारही नाही.

बाबा माहुलच्या एका रिफायनरीच्या कँटीनमध्ये आचारी होते. उभा जन्म तिथे काढून, रिटायर झाल्यावर नागपूरला गेले. लिहिण्यासाठी भावाने त्यांना आपल्या मुलीची पाटी आणून दिली होती. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘विमानात काय दिलं?’

“काहीतरी होतं. मी नाही खाल्लं.”

त्यांनी पाटी पुसली. ‘का?’

काय सांगणार? भीतीने घास उतरत नाही, हे ज्याला घासच घेता येत नाही त्याला कसं सांगायचं?

पुढच्या खेपेला मी मुद्दाम खाल्लं, त्यांना सांगण्यासाठी. माझ्या वेळेला दोन कंपन्यांची विमानं होती. एकीची सीट जरा मऊ, पाय थोडे पुढे घेता यायचे, आणि तिकिटातच जेवण. फॉइलच्या डब्यात जिरा राइस, पनीर, बाजूला गारठलेला पाव आणि चिमूटभर लोणच्याची पुडी. दुसरी स्वस्त. तिथली पाठ मागे जायचीच नाही, गुडघे पुढच्या सीटला टेकायचे, आणि खायचं ते विकत: कागदी कपातला उपमा, त्यात गरम पाणी ओतून झाकण लावायचं. स्वस्तवाली वेळेवर सुटायची. जेवणवाली दोनदा तासभर रखडली, तेव्हा मी गेटपाशी इतक्या येरझाऱ्या घातल्या की एका बाईंनी विचारलं, “कोणी आजारी आहे का गं?”

बाबांचे प्रश्न वाढत गेले. ‘भात मोकळा की गोळा?’ ‘पनीर चावताना रबरासारखं लागतं का?’ ‘डब्याच्या कडेला करपलेलं होतं?’ मी सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा त्यांनी लिहिलं, ‘दोनदा गरम केलेला भात आहे. पाण्याचा हबका मारायला पाहिजे होता.’ लिहून झाल्यावर बराच वेळ खडू हातातच धरून बसले.

मग एका शुक्रवारी स्वस्तवाल्या विमानात माझ्या रांगेपर्यंत येताना सगळं संपलं. हवाईसुंदरी म्हणाली, “सॉरी मॅम, फक्त काजू आहेत.” मी काजूही घेतले नाहीत. त्या सकाळी भावाचा फोन आला होता, बाबांना ताप आहे म्हणून. दीड तास मी नुसती चुळबुळत होते. शेजारचा माणूस वैतागून म्हणाला, “ताई, तुम्ही पॅसेजच्या सीटवर बसा ना.” आम्ही जागा बदलली.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा ताप उतरला होता आणि पाटी तयार होती.

“उपमा घेतला,” मी म्हटलं. “झकास होता. कांदा मस्त परतलेला, कुरकुरीत.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश लिहिलं, ‘कपात पाणी ओतलेला कांदा कुरकुरीत राहत नाही. काहून खोटं बोलतेस?’

माझा बांधच फुटला. “मग काय बोलू? मला नाही खाता येत, बाबा! तुम्ही इथे असे, आणि मी तिथे पनीर चावून बघू? तुम्ही बरे होणार की नाही ते कोणी धड सांगत नाही, आणि तुम्ही मला भाताचं विचारता!”

वहिनी दारातच थांबली. बाबांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं.

‘मलाही भीती वाटते. तू खाण्याचं बोलतेस तेवढा वेळ नाही वाटत.’

मी पाटी त्यांच्या हातातून घेतली आणि पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. खडूने बोटं पांढरी झाली होती. त्यानंतर मी खरंच खायला लागले, आणि नाही खाल्लं तर तसं सांगायला लागले. भीती काही गेली नाही. प्रत्येक खेपेला विमान उतरताना फोन आधीच हातात असायचा.

नळी निघाली ती एका रविवारी दुपारी. डॉक्टरांनी चमच्याने पेज द्यायला सांगितलं. पहिल्याच चमच्याला बाबांना ठसका लागला, भाऊ ओरडला, मी उभीच राहिले. नर्स शांतपणे म्हणाली, “काही होत नाही, मान पुढे घ्या.” दुसरा चमचा आत गेला. ते थांबले, पेज गिळली, आणि इतक्या महिन्यांनंतर पहिला शब्द बोलले, घोगरा, अर्धवट:

“अळणी.”

“मीठ आत्ता नाही मिळणार, काका,” नर्स म्हणाली.

त्यांनी तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या चमच्यासाठी उघडलं. सहा चमच्यांना अर्धा तास लागला. घड्याळ बघितलं तेव्हा माझं विमान सुटायची वेळ होऊन गेली होती. मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

“निघालीस?” त्याने विचारलं.

“नाही. उद्या येते. ऑफिसला कळव ना प्लीज.”

“का गं, काय झालं?”

“ते पेज खातायत,” मी म्हटलं, आणि पुन्हा आत गेले.