अफझलगंजातला बंबवाला

हैदराबाद राज्याचे तुकडे होणार होते आणि प्रत्येक मराठी नोकरदाराच्या घरी एकच घोळ चालू होता: औरंगाबादला जायचं की इथं हैदराबाद शहरातच राहायचं? त्यातच थंडी पडली. आंघोळीच्या पाण्यासाठी शेगडी घ्यावी की बंब, हेही वडिलांचं ठरेना. शेवटी आई, वडील आणि मी अफझलगंजच्या बाजारात गेलो.

दुकानदार तांब्याच्या बंबांवर टिचकी मारून कान लावत होता, जणू नाडीच बघतोय. वडिलांचा प्रश्न ऐकून हसला.

"साब, पहले ये बोलो, रहते की जाते? जाते तो शेगडी लो, बगल में मारके निकल जाते. रहते तो बंब."

वडील घुटमळले. आईनं पदर खोचला आणि सगळ्यात मोठ्या बंबावर हात ठेवला.

टांग्यात तो बंब वडिलांच्या मांडीवर होता. औरंगाबादचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.