वहीवरची उशिराची सही

उधन्याजवळच्या दोन इमारतींत आम्ही दोन वर्षं फरश्या बसवल्या. मी ठेकेदार, हाताखाली धुळ्याकडचे नऊ मिस्त्री. बिल्डरकडे अकरा लाख अडकले होते, आणि एका सकाळी गेटवर नोटीस दिसली: कंपनी दिवाळखोरीत गेली, ज्यांचं येणं असेल त्यांनी कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पुराव्यासह दावा करावा.

पक्की बिलं होती फक्त पाच लाखांची. बाकीच्या कामाचं मोजमाप एका वहीत होतं, आणि तिच्यावर साइटच्या सुपरवायझरची सही घ्यायची राहून गेली होती. रोजच भेटतो, घेऊ कधीतरी, असं करत करत.

तो सुपरवायझर मला तीन आठवड्यांनी चलथाणला एका गोदामाच्या कामावर सापडला. "माझाही पाच महिन्यांचा पगार बुडालाय, भाऊ," तो म्हणाला. मग विटांच्या थप्पीवर बसून त्याने वही पानापानाने तपासली. "सातव्या मजल्याचं हे बाथरूम दोनदा केलं होतं, ते लिहिलं नाहीस," असंही म्हणाला. प्रत्येक पानावर सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. मी इतका खूश होतो की माझ्या काही लक्षातच आलं नाही.

अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या तरुणाच्या मात्र ते लगेच लक्षात आलं.

"काका, ही सही कंपनी बंद पडल्यानंतरची आहे. तेव्हा हे गृहस्थ कंपनीत नव्हते."

"पण काम त्यांच्यासमोर झालंय. चला, फरश्या दाखवतो."

"फरश्या असतील. मला कागद लागतो."

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर आणून पाणी दिलं.

घरी बायको म्हणाली, "मग सुपरवायझरनाच मागची तारीख घालायला सांगा." मी फोन केला.

"खोटी तारीख नको, भाऊ. हवं तर मी येऊन सांगतो."

आणि तो आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने सगळं खरं सांगितलं. तरुणाने नीट ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. महिन्याने पत्र आलं: वहीचा दावा नामंजूर.

माझा सगळा राग निघाला तो त्या सुपरवायझरवर. बिल्डर कुठे होता कोणास ठाऊक, बँकांचा नंबर आमच्या आधी होता, त्यांच्याशी भांडणार कसा? हाच एक माणूस फोन उचलायचा. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो ऐकून घ्यायचा, त्यामुळे मी आणखीच चिडायचो.

दीड वर्षाने त्या पाच लाखांपोटी खात्यात बत्तीस हजार आले. "दादा, आमना पैसास्नं काय व्हयनं?" म्हणून एक मिस्त्री दर महिन्याला विचारायचा, त्याला आणि बाकीच्या आठांना ते वाटून टाकले. दोघे परत माझ्याकडे कामाला आले नाहीत.

गेल्या महिन्यात इमारती विकत घेणाऱ्या नव्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. "तुमचं काम सफाईदार आहे. उरलेले मजले कराल?"

"आधीचे पैसे?"

"ते आता संपलं. कायद्याने आमच्यावर काही येत नाही."

"मग निम्मे पैसे आगाऊ द्या."

त्याने विचार करून कळवतो म्हटलं. अजून कळवलेलं नाही. परवा तिकडून जाताना पाहिलं, दुसऱ्याच कोणाची तरी माणसं फरश्यांची खोकी वर चढवत होती.