आमच्या भासऱ्यांचा सर्वे

घाटंजीत आता कोणालाही निवांत मरता येत नाही, आणि याला सर्वस्वी जबाबदार आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. जन्मभर विजेच्या खांबांवर चढले. शॉक लागून पडलेल्याची छाती दाबून त्याला परत कसं आणायचं, ते सीपीआर, नोकरीतच शिकले. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात. यांनी सर्वे काढला. गावात सीपीआर येतो कोणाला? सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक असो, बाजारात भेंडी निवडणारी बाई असो, नाहीतर पंगतीतला शेजारी, प्रश्न एकच: "समजा मी आत्ता इथंच पडलो, तं काय करान तुम्ही?" उत्तरंही एकेक नमुना. "कांदा फोडून नाकाशी धरीन." "पहले बुंदी तं येऊ द्या!" गॅरेजवाला सलीम म्हणाला, "काका, बॅटरी बसली का धक्काच मारा लागते." त्याला अर्धे मार्क मिळाले. मग न मागता प्रात्यक्षिक. त्यासाठी घरातल्या कापसाच्या लोडाला आपला जुना खाकी शर्ट चढवून ते त्याला स्कूटरवर मागे बांधून हिंडतात. एका म्हाताऱ्यानं त्या लोडाला रामराम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून तो आठवडाभर रुसला होता.

माझ्याशी मात्र ते बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलू नये, तिनं त्यांच्यासमोर पदर ढळू देऊ नये. हात लागणं तर लांबच. म्हणून माझे निरोप ते मांजरीला सांगतात. "मने, आज वरणात मीठ नाही." मनी ढिम्म, मी मिठाचा डबा घेऊन हजर. जाऊबाई गेल्या, पोरं पुण्याला, माझा नवरा दिवसभर कापडाच्या दुकानात. दुपारी घरात आम्ही दोघंच. त्यात डॉक्टरांनी त्यांचं हृदय कमजोर असल्याचं सांगितलं, आणि सर्वेला भलताच जोर चढला.

परवा आमच्याच ओसरीवर बचत गटाच्या बायांना बोलावलं. रोज भाकरी थापणारे हात ते. लोडाची पार चपाती झाली. भासरे खूश. "नवरा पडला तं कोण दाबन?" सगळे हात वर. "सासरा?" थोडे खाली आले. "अन् भासरा?" एकही नाही. "भासऱ्याले हात कसा लावा व माय!" कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. तेही हसले. रात्री मात्र अर्धी भाकरी ताटात राहिली, आणि मनीलाही काही निरोप नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लोड ओसरीच्या मधोमध आणून ठेवला, आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. "मने, घरात कोणी असन, तं हात चालवून पाहायले हरकत नाही."

मी बाहेर आले, पदर नीट केला आणि गुडघे टेकून दाबायला लागले.

"मने, जोरानं. कोपर सरळ पाहिजे."

पाठमोऱ्या माणसाला कोपर कसं दिसलं, देव जाणे. पण मी सरळ केलं. बराच वेळ झाल्यावर ते हळूच म्हणाले, "लोडाचं ठीक हाये. माणूस असला तं?"

मनी तर केव्हाच भिंतीवरून पलीकडे गेली होती.

"दादा," मी म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. "तुम्ही पडूच नका. पण पडलेच, तं मी हात लावीन. पदराचं मंग पाहू."

ते वळले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं उगाच पुसत बसले. मग म्हणाले, "पोरी, चहा टाक."

मला नातवंडं झालीत. पण त्या 'पोरी'च्या नादात चहात साखर दोनदा पडली. त्यांनी तो मुकाट्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.