दुसऱ्या खुर्चीवरची डेल्फिना

डेल्फिना आर्मीखोसचं तोंड सुटलं की लोखा शहराच्या थिएटरातले पडदे ओढणारेसुद्धा काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन उभे राहत. शहराच्या वाद्यवृंदात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि सगळी दुसऱ्या खुर्चीवर गेली होती. पहिल्या खुर्चीवर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या म्होरक्याच्या जागी, बाल्तासार व्हाल्दिव्हिएसो. दोघांमध्ये स्वरलिपीचा स्टँड एकच. पहिल्याने वाजवायचं आणि दुसऱ्याने आपलं वादन मध्येच थांबवून पान उलटायचं, अशी पद्धत. डेल्फिना ते पान मुद्दाम जरा उशिरा उलटायची. बाल्तासारने भांडण्याऐवजी पानांच्या शेवटच्या आणि पहिल्या ओळी पाठच करून टाकल्या, त्यामुळे ती आणखी जळायची.

तिचं म्हणणं साधं होतं आणि ते सगळ्या गावाने ऐकलेलं होतं. पहिल्या खुर्चीसाठी परीक्षा झाली तेव्हा उमेदवार पडद्याआड उभे होते. परीक्षकांना माणूस दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू येत होता. बाल्तासारच्या बापाचे कॉफीचे मळे, त्याने पोराला जुनं इटालियन व्हायोलिन आणून दिलेलं. डेल्फिनाचं व्हायोलिन क्वेंका गावच्या एका सुताराने सणावारी वाजवणाऱ्यांसाठी केलेलं. मग खुर्ची कुणाला मिळाली? लाकडाला मिळाली. "त्याचं व्हायोलिन माझ्या हातात द्या आणि माझं डबडं त्याच्या हातात द्या, मग बोला," असं ती लग्नात, बारशात, एकदा तर मयतीतही म्हणाली होती. लोक माना डोलवत. याच वाक्यावर तिने आयुष्य काढलं होतं.

त्या आठवड्यात पाहुणे आले आणि तिला राग काढायला आणखी दोन जागा मिळाल्या. एक वाद्यवृंदाचा पाहुणा संचालक, माएस्त्रो लेदेस्मा, ब्वेनोस आइरेसचा. पहिल्याच तालमीला त्याने सगळ्यांना सुनावलं, की तुम्ही जेवून उठल्यासारखे वाजवता. पानात गुंडाळून उकडलेला मक्याचा तमाल हाताने खायचा सोडून तो काट्या-चमच्याने खातो हे डेल्फिनाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तेवढ्यावर त्याला निकालात काढलं. दुसरी नोएमी सालातिएर्रा, ग्वायाकिलची, एकल व्हायोलिन वाजवणारी, वयाने डेल्फिनाच्या भाचीएवढी. तिचं व्हायोलिन दोनशे वर्षांपूर्वीचं, कुठल्याशा संस्थेने वापरायला दिलेलं. गावभर लागलेल्या पोस्टरांवर या दोघांचे चेहरे भिंतीएवढे आणि वाद्यवृंदाचं नाव मुंगीएवढं. बाजारात एकीने कौतुकाने विचारलं तर डेल्फिना म्हणाली, "चांगलं व्हायोलिन मिळालं की माकडही वाजवतं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती. शेवटचा भाग ऐन रंगात आला आणि नोएमीच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार फटकन तुटली. सगळ्यांनी गज खाली घेतले. लेदेस्मा खेकसला, "थांबा कुणी सांगितलं? उद्या तुटली तर लोकांना घरी पाठवणार का? चला, अदलाबदल करा."

अदलाबदलीची रीत सगळ्या वाद्यवृंदांत एकच. एकल वादकाची तार तुटली की त्याने पहिल्या खुर्चीचं व्हायोलिन घ्यायचं, पहिल्याने दुसरीचं घ्यायचं, आणि तुटकं येतं दुसरीच्या मांडीवर. तिने नवी तार चढवून द्यायची. डेल्फिनावर ही पाळी कधी आलीच नव्हती. नोएमीने बाल्तासारचं इटालियन व्हायोलिन उचललंसुद्धा. बाल्तासारने हात पुढे केला.

"द्या, डेल्फिना."

तिने व्हायोलिन छातीशी धरलं. "माझं डबडं कशाला हवंय तुम्हाला?"

"द्या हो. सगळे थांबलेत."

लेदेस्मा चौथऱ्यावरून पाहत होता. तिने दिलं, आणि देताना दातओठ खात म्हणाली, "वाजवा. बघू तरी काय उजेड पाडता ते."

तिला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगा. पुढे एक जागा अशी होती की बाकी सगळे गप्प होतात आणि पहिल्या खुर्चीचं व्हायोलिन एकटं एकल वादकाला उत्तर देतं. इतकी वर्षं ती मागत होती तो न्याय भर सभागृहात, सगळ्यांच्या कानांसमोर होणार होता. ती नोएमीच्या व्हायोलिनला तार चढवत बसली, पण कान शेजारी लावून.

ती जागा आली. बाल्तासारने गज ठेवला आणि त्या सुताराच्या लाकडातून असा भरलेला, मऊ सूर आला की डेल्फिनाचा हात खुंटीवरच थांबला. हे तिचं व्हायोलिन होतं, त्याच्या मानेवरचा ओरखडाही तिचाच होता. तिने चूक शोधली. सूर उतरेल म्हणून वाट पाहिली, गज खरखरेल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. हात गुंतलेले असले की वादक जमिनीवर पाय घासून शाबासकी देतात, तसे मागून पाय घासल्याचे आवाज आले. तिच्या व्हायोलिनसाठी असे पाय कधीच कुणी घासले नव्हते.

तार चढली, पण व्हायोलिनं परत बदलायला वेळ नव्हता. शेवटचा तुकडा सगळ्यांनी मिळून वाजवायचा होता. डेल्फिनाच्या हातात त्या सभागृहातलं सगळ्यात चांगलं व्हायोलिन होतं, आणि नको वाजवू म्हणणारं कुणी नव्हतं. तिने ते खांद्यावर घेतलं आणि वाजवायला लागली.

तिचाच आवाज आला. थोडा कोरडा, थोडा आवळलेला, घरी रोज संध्याकाळी येतो तोच. तिने गजावर जोर दिला, मग हलका केला. तोच. नवी तार उतरते, तिचा भरवसा नसतो, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं आणि बाकीच्या तीन जुन्या तारांवर गेली. तिथेही डेल्फिना आर्मीखोसच वाजत होती, दुसऱ्या खुर्चीवरची.

तालीम संपली. नोएमी आपलं व्हायोलिन घ्यायला आली, तारेबद्दल आभार मानून गेली. बाल्तासारने डेल्फिनाचं व्हायोलिन दोन्ही हातांनी परत केलं. त्याच्या चेहऱ्यावर खोच नव्हती, ती असती तर तिला बरं वाटलं असतं.

"फार चांगलं आहे हो तुमचं व्हायोलिन," तो म्हणाला. "उगाच नावं ठेवता त्याला."

मागच्या रांगेतले दोघेतिघे पेट्या बंद करायचे थांबले. आता डेल्फिना काय फाडफाड बोलते ते ऐकायला. तिने पेटीतलं फडकं काढलं आणि त्याची हनुवटी टेकली होती तिथला घाम पुसायला लागली. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की उद्या संध्याकाळी या माणसाच्या शेजारी बसायचं आहे आणि त्याच्यावर रागवायला आपल्याकडे काहीच उरलेलं नाही. याच गोष्टीचा तिला इतका राग आला की लाकूड कोरडं झालं तरी ती पुसतच राहिली.