‘हात वर’ची हाक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसते. पण हे माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून आज सुनेला टाईप करायला बसवलंय...

शहादा, साठ सालाच्या आसपास. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही आठ-दहा वर्षांच्या पोरी मशीनच्या फिरत्या रुळांवर कापूस टाकायचो. कापूस अडकला की मशीन थांबवून बोटांनी काढायचा. इंजिनवाला भिंतीपलीकडे, त्याला आम्ही दिसायचो नाही. म्हणून एक रीत होती — मुकादम ओरडायचा, "हात वर!" आम्ही हात उचलून म्हणायचो, "वर!" मगच इंजिनवाला पट्टा चढवून मशीन चालू करायचा.

माझ्या शेजारी तळोद्याकडची ठुमी असायची. एक दिवस मालक आलेला. मुकादमाने घाईत नुसतंच "चालू कर" म्हटलं. ठुमीचा हात आत होता. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मुकादम सगळ्यांना सांगत सुटला, "मी आवाज देयेल व्हता. पोरनीच हात काढा नही." इंजिनवाला नोकरीपायी गप्प. मी खरं बोलले तर थोबाडीत बसली. ठुमीची आई तिथेच टोपल्या वाहायची. तिलाही रोज हेच ऐकावं लागायचं — तुझीच पोर वेंधळी. मला तर त्याचा गळा धरावासा वाटायचा.

महिन्याभराने, भर दुपारी, आम्ही सगळ्या बाहेर लिंबाखाली भाकरी खात होतो. मुकादम एकटाच आत, अडकलेला कापूस काढत होता. एवढ्यात आतून त्याच्याच आवाजात हाक आली, "हात वर!" आणि लगेच एकच बारीक आवाज — "वर!" तो ठुमीचा होता. रोज शेजारी उभी राहायचे मी, ओळखणार नाही?

इंजिनवाल्याने पट्टा चढवला.

मुकादमाला अंगणात आणून टाकलं तेव्हा कोपरापासून हात नव्हता. तो इंजिनवाल्यावर किंचाळत होता, "कोनी सांगं तुले? मी आवाज दिधाच नही! दिधाच नही!"

ठुमीच्या आईने टोपली खाली ठेवली. त्याच्याजवळ जाऊन वाकली.

"आते खरं बोलना," ती म्हणाली — आत्ता कुठे खरं बोललास.

इंजिनवाला मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, हाक मुकादमाचीच होती. मुकादम म्हणायचा, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मला वाटतं, दोघेही खोटं बोलत नव्हते... सुनेचं म्हणणं, इंजिनाच्या आवाजात भास झाला असेल. असेल बाई.

कसं झालं, मला आजही ठाऊक नाही. पण चांगलं झालं.