ताईने समजावलेली गोळी

जीजाजींचा फोन आला तेव्हा मी मल्हारगंजात भाजी घेत होते. "सुलभा गेली," म्हणाले, आणि लगेच, "सकाळची गोळी दिली होती मी, बराबर टाइमावर." मला रडू यायच्या आधी रागच आला. आता दीड महिना होत आला, राग काही जात नाही, पण काढू कोणावर?

ताई इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. समजावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्तनाचा कॅन्सर उलटून हाडांत उतरला, नवी गोळी आली, तेव्हा हबकलेल्या जीजाजींना तिनेच समोर बसवून शिकवलं. गाठीला आवर घालणारे जीन शाबूत असतात, पण काही एन्झाइम डीएनएची गुंडाळी इतकी घट्ट करून टाकतात की पेशीला ते वाचताच येत नाहीत. पेटीच्या तळाशी दाबलेली पैठणी, असून नसल्यासारखी. ही गोळी त्या एन्झाइमला रोखते, मग गुंडाळी सैल होते. "म्हणजे सब कुछ अंदर है," जीजाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला... ताईही हसली होती तेव्हा.

काही महिने गोळीने साथ दिली. मग उलट्या, तोंडाची चव गेलेली, पायात त्राण नाही. डॉक्टर म्हणाले, आता फार आशा नाही, चालू ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा. जीजाजी डॉक्टरांनाच एन्झाइम समजावू लागले, ताईच्याच शब्दांत. घरी, विजय नगरच्या फ्लॅटमध्ये, ताई मला हळूच म्हणाली, "बस झालं गं. पण ह्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मीच शिकवलंय ना." मी सांगते म्हटलं, तर शपथ घातली. "त्यांना वाटेल, मीच सोडून निघाले." शिकवायला गेली आणि स्वतःच कोंडली गेली. रोज गोळी गिळायची, वर त्यांच्याकडे बघून हसायची.

परवा त्यांच्याकडे गेले होते. ताईच्या खोलीत मोबाइलचा अलार्म वाजला. जीजाजी उठले, पेला भरला, तिच्या पलंगापाशी जाऊन उभे राहिले आणि पाणी स्वतःच प्यायले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला तर सगळं सांगायची ती. नको होती का गं तिला गोळी?"

"नाही हो जीजाजी," मी म्हटलं. "रोज वाट बघायची."

त्यांनी मान हलवली आणि उद्याचा अलार्म लावून ठेवला.