तपासणीचा नमुना

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी, रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, निर्यातीच्या तपासणीसाठी कापलेले हापूस आंबे खाऊन संपले. खाणाऱ्यांत तपासणी अधिकारी होते, बागायतदाराचे तीन शेजारी होते आणि मी होतो. बागायतदाराने स्वतः खाल्ले नाहीत.

मी आधी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वार्ताहर होतो. ती आवृत्ती बंद झाल्यावर फळ-भाजी बागायतदारांना आणि निर्यातदारांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत लागलो. काम गावोगाव फिरण्याचे. सभा लावायची, तज्ज्ञाला एसटी स्टँडवरून घेऊन यायचे, प्रोजेक्टरला वीज मिळेल असे बघायचे आणि सभेनंतर लोकांच्या बागेत जाऊन सांगितलेल्यातले किती केले ते पाहायचे. गावात मला अजून पत्रकार म्हणतात. त्यामुळे माझ्यासमोर कोणी चूक कबूल करत नाही.

त्या गावातली सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. तज्ज्ञ बाईंनी निर्यातीचे नियम सांगितले. आंबा देठासकट काढायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. आंबा भरायच्या शेडला दोन दारे हवीत, मध्ये जाळीची मोकळी जागा. एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, म्हणजे फळमाशी आत येत नाही. डोक्याला टोपी, हात धुतलेले. शेडमध्ये खाणेपिणे पूर्ण बंद.

शेवटच्या नियमावर चर्चा लांबली. एकाने विचारले, चहा चालेल का. बाई म्हणाल्या, बाहेर. पाणी? तेही बाहेर. मागून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारले, तपासायला साहेब आले तर त्यांना चहा कुठे द्यायचा. बाईंनी पुन्हा सांगितले, बाहेर.

"म्हणजे साहेबांस दारात उभं करायचं," गृहस्थ म्हणाले आणि खाली बसले. नियम सगळ्यांनी लिहून घेतला. पटल्याचे कोणाच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

याला कारण आहे. हंगामात बागेत आलेल्या माणसाला आंबा न देता परत पाठवला तर ती बातमी पुढच्या वाडीत त्याच्या आधी पोचते. आणि त्याच्यासमोर आंबा कापला पण फोड दिली नाही, असे कोणी केल्याचे माझ्या माहितीत नाही.

सभेत सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी एक बाई होती. तिचा नवरा, म्हणजेच हा बागायतदार, शेजारी गप्प बसला होता. तो अनेक वर्षे आखातात फळांच्या एका गोदामात कामाला होता आणि आदल्या वर्षी कायमचा परत आला होता. तो तिकडे असताना बाग तिने सांभाळली. गाव तिला भाभी म्हणत असे, मीही म्हणू लागलो. त्यांची बाग कातळावरची, कलमे मध्यम वयाची, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला थेट तोंड दिलेली. आंबा दरवर्षी वाशीला दलालाकडे जायचा आणि तिथून दुसऱ्याच्या शिक्क्याने पुढे. एकदा तर नवऱ्याने तिकडच्या गोदामात पेटी उघडली आणि आंबा हातात घेऊन तो आपल्याच बागेतला आहे असे सहकाऱ्यांना सांगितले. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. या प्रसंगाला दुसऱ्या कोणाकडून दुजोरा मिळालेला नाही.

परत येताना त्याने गोदामाच्या मालकाकडून शब्द घेतला होता. मंजूर शेडमधून माल आला तर बागेच्या स्वतःच्या नावाने तो दुकानात मांडायचा. त्यासाठी त्याने घराशेजारी चिऱ्याची शेड बांधली, जाळ्या लावल्या आणि बागेचे नाव घातलेली पुठ्ठ्याची खोकी छापून आणली. खोक्यावर मंजुरीच्या क्रमांकाची जागा कोरी होती. त्या वर्षी मोहोर उशिरा आला, फळ कमी होते आणि एकदमच तयार होत होते. त्या आठवड्यात मंजुरी आली नाही तर फळ झाडावर थांबणार नव्हते. ते वाशीला जाणार होते. दलालाचा ट्रक शनिवारी यायचा होता आणि ते दलालाने स्वतःहून दोनदा कळवले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम घेतली. अधिकारी मी झालो. बागायतदार पांढरी टोपी घालून दारात उभा होता. मला पाहताच त्याने बाहेरचे दार उघडले, आतले दार उघडले, आणि दोन्ही उघडी धरून म्हणाला, "या, या."

भाभी आतून म्हणाली, "एक लावा, मग दुसरं."

"पाहुण्याच्या तोंडावर दार लावू?"

"पाहुणा नाय तो. साहेब हाय."

दार कसे लावायचे यावर बराच वेळ गेला. शेवटी असे ठरले की त्याने पाहुण्याबरोबर मधल्या जागेत यायचे, हसायचे आणि न वळता पाठीमागे हात नेऊन दार लावायचे. चौथ्या प्रयत्नात ते जमले. हात धुणे, टोप्या, क्रेट, जाळी, सगळे झाले. अधिकारी नमुन्याची फळे कापून आत अळी आहे का बघतील, एवढे मी तोंडी सांगितले. प्रत्यक्ष फळ कापले नाही. तालमीसाठी आंबा कापायला भाभीने नकार दिला होता.

मंगळवारी अधिकारी वेळेवर आले. ते सांगलीकडचे, कोकणात पहिलाच हंगाम. चहा त्यांना अंगणात दिला, तो त्यांनी उभ्याने घेतला. मग शेड. बागायतदाराने हसत, न वळता, पाठीमागे दार लावले. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. जाळी ठीक. फरशी ठीक. शेजारचे तिघे मदतनीस म्हणून टोप्या घालून आत होते. त्यांना काही काम नेमून दिलेले नव्हते, पण टोप्या स्वच्छ होत्या.

अधिकाऱ्यांनी क्रेटमधून स्वतः फळे निवडली, पिशवीतून सुरी काढली आणि टेबलावर एकेक फळ उभे कापले. निर्यातीचा आंबा कच्चाच काढतात. वरून हिरवा, आत फिकट पिवळा, कडक. अधिकारी प्रत्येक फोड उजेडाकडे धरून पाहत आणि ट्रेमध्ये ठेवत. अळी नव्हती. बागायतदाराने श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला. फोटो काढायचे राहिले होते, पण अधिकाऱ्यांना त्याआधी खिडकीच्या जाळीची भोके मोजायची होती. ते पट्टी घेऊन तिकडे गेले. बागायतदार त्यांच्यामागे गेला.

ट्रेजवळ भाभी राहिली.

पुढे काय झाले ते मी पाहिले. ती दोन्ही दारे नियमाप्रमाणे एकामागून एक लावत बाहेर गेली आणि तशीच परत आली. येताना तिच्या हातात मीठ-तिखट कालवलेली बशी होती. तिने हात धुतले, टोपी सरळ केली, साहेबांच्याच सुरीने फोडी लहान केल्या आणि वाटायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी घेतल्या. मला दिली, मी घेतली. मग ती खिडकीशी गेली. अधिकारी एका डोळ्याने जाळी मोजत होते. तिने बशी पुढे केली, त्यांनी न बघता एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. थोड्या वेळाने दुसरी.

"तिखट कमी पडलंय की," ते म्हणाले.

मोजमाप संपवून ते फोन हातात घेऊन टेबलाकडे आले. ट्रेमध्ये कोयी होत्या.

"नमुना कुठाय?"

मग तिघांतला एक शेजारी म्हणाला, "संपला."

बागायतदाराने बायकोकडे पाहिले, बशीकडे पाहिले आणि भिंतीला लावलेल्या बिनक्रमांकाच्या खोक्यांकडे पाहिले. भाभीला अजून काय बिघडले ते कळले नव्हते. अधिकाऱ्यांनी तिला शांतपणे समजावले. कापलेल्या फळांचा फोटो अहवालाला जोडावा लागतो. फोटो नाही म्हणजे फळे तपासली असे म्हणता येत नाही.

"तुम्ही स्वतः खाल्लात ना साहेब? कीड लागली का तोंडात?"

"नाही."

"मग तसं लिवा."

असे लिहिता येत नाही, असे अधिकारी म्हणाले. त्यांनी पुन्हा फळे निवडली, पुन्हा कापली. या वेळी बशी माझ्या हातात दिली गेली आणि मला दोन दारांच्या मधल्या जागेत उभे करण्यात आले. जाळीतून मला सगळे दिसत होते. अळी नव्हती. फोटो निघाले. पण प्रश्न दुसरा होता. शेडमध्ये खाणे बंद, हा नियम अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोडला होता. तो त्यांनीही मोडला होता. ते बराच वेळ पेन हातात धरून उभे राहिले.

तेवढ्यात नवरा-बायकोची जुंपली. तो म्हणाला, तिकडे गोदामात कापलेलं फळ सरळ कचऱ्यात जातं, कोणी हात लावत नाही.

"म्हणून तर परत आलात," भाभी म्हणाली.

शेजाऱ्यांनी टोप्या काढल्या आणि परत घातल्या.

अधिकाऱ्यांनी शेवटी शेरा लिहिला तो असा: शेडमध्ये खाद्यपदार्थ आढळले, फळे कापण्याची जागा शेडबाहेर स्वतंत्र करावी, तिचा फोटो पाठवावा, त्यानंतर मंजुरीचा विचार होईल. खाद्यपदार्थ कोणी खाल्ले हे शेऱ्यात नाही. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की हे छापून येणार का. मी आता छापण्याच्या धंद्यात नाही, असे मी सांगितले. त्यांचे समाधान झाल्यासारखे वाटले नाही.

मंगळवारीच टेबल बाहेर काढले. प्रथम ते पडवीत नेले. पडवीला लागून स्वयंपाकघर होते, म्हणून मी नको म्हटले. फणसाखाली नेले, तर वर फणस पिकत होता आणि माश्या घोंगावत होत्या. मग लाकडे ठेवायची खोपी रिकामी केली. त्यात दोन दिवस गेले, कारण लाकडांखाली एक धामण निघाली आणि तिला जायला वेळ द्यावा लागला. उरलेली जाळी तिथे ठोकली, चुना मारला, टेबल मांडले. बागायतदाराने गुरुवारी फोटो पाठवला. फोटो तासाभरात परत आला. फळीवर मिठाची बरणी दिसत होती.

बरणी तिथे कशी आली, यावर दोघांची उत्तरे वेगवेगळी होती. तो म्हणाला, हिने ठेवली. ती म्हणाली, पुढच्या वेळी साहेबांना शेडमधून बाहेर येऊन खाता यावं म्हणून ठेवली, आणि खोपी काही शेड नाही. नियमाच्या दृष्टीने तिच्या म्हणण्यात चूक काढणे अवघड होते. मी अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी थोडा विचार करून सांगितले की बरणीला हरकत नाही, फोटोत नको.

दुसरा फोटो गेला. शुक्रवारी दिवसभर उत्तर आले नाही. संध्याकाळी दलालाचा फोन आला, ट्रक सकाळी निघतोय, पेट्या किती? बागायतदाराने उद्या सांगतो म्हटले. भाभीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि नाय म्हणून सांगितले. मंजुरी तोवर आली नव्हती. त्या संध्याकाळी ती दोघे एकमेकांशी बोलली नाहीत, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

शनिवारी सकाळी दलालाचा ट्रक गावातून गेला, त्यांच्या दारात थांबला नाही. दुपारच्या आत मंजुरी आली. खोक्यांवर क्रमांकाचा शिक्का बागायतदाराने स्वतः मारला. पहिले दोन उलटे लागले. खोकी बंद होईपर्यंत शेजारचे तिघे टोप्या घालून उभे होते. टेम्पो रविवारी निघाला, निवळीच्या तिठ्यावर महामार्गाला लागला आणि माल मुंबईहून विमानाने गेला.

पुढच्या आठवड्यात गोदामाच्या मालकाचा फोन आला. खोकी पोचली होती आणि दुकानात बागेच्या नावाने मांडली होती. फळे अजून कडक होती, त्यामुळे तिथे अजून एकही कापले गेले नव्हते.